बेस गायब झाला ती दुपार

“पण ह्यात पाऊल टाकायचं कुठे?” कानावरचा हेडफोन काढत सासूबाईंनी विचारलं.

स्टेजमागच्या शेडनेटखाली आम्ही तिघं बसलो होतो. मी, सासूबाई आणि तन्वीर. समोर दिंडोरीकडची द्राक्षबाग, लांबच लांब ओळी. डाव्या हाताला आमचं छोटं स्टेज आणि त्याला खेटून लाकडी फळ्यांची एक भलीथोरली गोल टाकी, गुडघाभर काळ्या द्राक्षांनी भरलेली. शहरातून तिकीट काढून आलेली माणसं अनवाणी होऊन तिच्यात उतरणार आणि द्राक्षं तुडवणार, असा त्या शनिवार दुपारचा कार्यक्रम. तुडवायला संगीत हवं, म्हणून आम्ही.

“पाऊल टाकायचंच नाही, बाई. डुलायचं,” तन्वीर म्हणाला. “डबस्टेपमध्ये मधे मोकळी जागा असते. धप्प. मग काही नाही. मग खण्ण. त्या मोकळ्या जागेत खालून बेस येतो, तो कानाला नाही, पोटाला ऐकू येतो.”

“तिच्या पोटात आधीच एक जण आहे. तिथे आणखी गर्दी नको.”

मला सातवा महिना होता. सलील, माझा नवरा, ऑफिसच्या कामासाठी नागपूरला अडकला होता. एकटी जाऊ नकोस, असं तो फोनवर म्हणाला आणि पुढचं वाक्य पूर्ण करायच्या आत सासूबाई पायात बूट घालून दारात उभ्या होत्या. बूटच. मुलींच्या शाळेत तीस वर्षं पी.टी. आणि लेझीम शिकवून त्या निवृत्त झालेल्या. साडीखाली पांढरे कॅनव्हास शूज आणि माणसाला हाक मारायची ती आडनावानेच, ही सवय काही सुटली नव्हती. सबंध नाशिक त्यांना चंद्रात्रे बाई म्हणायचं. तन्वीरही त्यातच.

“इनामदार, जेवलास का?”

“हो, बाई.”

“खोटं. लाडू घे.”

त्याने मुकाट्याने राजगिऱ्याचा लाडू घेतला आणि हातातच धरून ठेवला. त्याचं लक्ष लॅपटॉपवर होतं. माझं त्याच्यावर. कारण सोमवारी त्याला बंगळुरूच्या एका कंपनीला हो की नाही ते कळवायचं होतं.

मोबाईलवरच्या गेम्सना आवाज आणि संगीत द्यायचं काम. पगार चांगला, काम आवडीचं. त्याने मला महिनाभर आधी सांगितलं तेव्हा मी “अरे वा” म्हटलं. आणखी काय म्हणणार? राहा, असं म्हणायचा मला काय हक्क होता? तो गेला की आमची ‘निळी टाकी’ संपली, हे मात्र लख्ख दिसत होतं. बाळ झाल्यावर मी एकटी परत सगळं उभं करीन असं बोलायला तोंड होतं माझ्याकडे, पण आत धीर नव्हता. “शनिवारी कसं होतं बघू, मग ठरवतो,” एवढंच तो म्हणाला होता. म्हणजे त्या दुपारी काय होतं, यावर सगळं होतं. निदान मी तसं धरून चालले होते.

‘निळी टाकी’ म्हणजे आम्ही दोघं. जुन्या नाशकात तन्वीरच्या मामूंची बेकरी आहे. तिच्या गच्चीवर पाण्याची निळी प्लास्टिकची टाकी आणि तिच्या शेजारी पत्र्याची एक खोली. कॉलेज संपल्यापासून त्या खोलीत आम्ही बसायचो. खालून नानकटाईचा वास आणि वर आमचं भांडण. तो डबस्टेपवाला. वेग मिनिटाला एकशे चाळीस मात्रा, त्यात एकाचा फरक नको, ठोके कमी, जागा जास्त, बेस इतका जड की टाकीतल्या पाण्यावर वर्तुळं उठावीत. मी हाऊस आणि टेक्नोची. मला प्रत्येक मात्रेवर ठोका लागतो. धप्, धप्, धप्, धप्. दळण चाललंय, शिलाई मशीन चाललंय, माणूस चालतोय, तसा. दोन्ही एकत्र करायचं हे ठरलेलं. कोणाचं किती, हे कधीच ठरलं नाही.

शेवटी आम्ही एक नियम केला. एकमेकाच्या भागात भर घालायची नाही, फक्त काढायचं. प्रत्येक ट्रॅकमध्ये मी त्याच्या कामातली एक गोष्ट काढणार आणि तो माझ्या कामातली एक. कारण विचारायचं नाही, रुसायचं नाही. मी त्याचे चिरकणारे आवाज काढायचे. तो दर वेळी एकच गोष्ट काढायचा, माझा ठोका. पूर्ण पुसायचा नाही, तेवढी माणुसकी होती. नुसता गप्प करून ठेवायचा. आमच्या प्रत्येक फाईलमध्ये माझे ठोके असे तोंडावर बोट ठेवून बसलेले असत.

मग मामूंना बेकरी वाढवायची होती, खोली गेली. माझ्या घरी बेस लावला की खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांच्या काचा थरथरायच्या. त्याच्या घरी तर अकरा माणसं. सहा महिने आम्ही फक्त हेडफोनवर काम केलं. त्याच काळात तन्वीरने बेस ‘रुंद’ करायची एक युक्ती काढली. हेडफोन लावला की बेस डोक्याच्या चहूबाजूंनी यायचा, देवळाच्या गाभाऱ्यात उभं राहून कोणी ॐ म्हणावं तसा. मी ते चार वेळा परत-परत ऐकलं. “हात लावू नकोस ह्याला,” मीच म्हटलं होतं.

“चला, तुमची वेळ,” स्नेहल बोरस्ते शेडनेट वर उचलून म्हणाली. बाग तिच्या वडलांची, कार्यक्रम तिचा. हातात वॉकीटॉकी, डोक्यावर गवताची टोपी.

“साउंड चेक?” तन्वीरने विचारलं.

“भाषणं लांबली ना. माइक चालतोय, मी स्वतः हॅलो म्हणून बघितलं.”

“आमच्याकडे माइक नाहीये.”

“मग प्रश्नच नाही,” असं म्हणून ती गेली.

साउंड ओझरच्या दत्तूमामांचा होता. स्टेजच्या दोन्ही बाजूंना माणूसभर उंच स्पीकरचे काळे डबे, लग्नसराईत तावूनसुलाखून निघालेले. सासूबाईंनी माझी उशी खुर्चीवर ठेवली, खुर्ची नीट हलवून पाहिली आणि स्वतः खाली टाकीच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या. “इथून तू दिसतेस मला,” त्या म्हणाल्या.

टाकीत पंधरा-वीस माणसं उतरली होती. कॉलेजच्या मुली, एक नवं जोडपं, पँटी दुमडलेले तीन बँकवाले आणि शॉर्ट्स घातलेले एक जाडसर गृहस्थ, ज्यांच्या बायकोने त्यांना बळेच उतरवलं होतं हे दुरूनही कळत होतं.

पहिला ट्रॅक सुरू झाला. टिकटिक, धुकं असल्यासारखे लांब सूर, मग धप्प. सगळ्यांनी एक पाऊल टाकलं. मग काही नाही. सगळ्यांनी दुसरा पाय उचलला आणि वाट बघत राहिले. पुढचा ठोका येईना. एका पायावर वीस माणसं, नदीकाठच्या बगळ्यांसारखी. खण्ण वाजलं तेव्हा निम्मी पाय टेकून मोकळी झाली होती आणि बाकीची एकमेकांना धरत होती.

“आता बेस येतो,” तन्वीर माझ्या कानाशी म्हणाला. “बेस आला की कळेल त्यांना.”

त्याने बटण फिरवलं.

बेस आला नाही.

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने बटण आणखी फिरवलं. माझ्या हेडफोनमध्ये गाभारा भरून वाहत होता, आणि हेडफोन काढला की बाहेर नुसती टिकटिक. पंगत बसली आहे, मीठ वाढलं, लिंबू वाढलं, चटणी वाढली, आणि भातच नाही. तन्वीरने केबल काढून परत घातली. दत्तूमामा त्यांच्या टेबलामागून अंगठा दाखवत होते. त्यांच्याकडचे सगळे दिवे हिरवे होते.

“डबे फुटले का?” मी विचारलं.

“मग ते खण्ण कसं वाजतंय?”

खाली जाडसर गृहस्थ बायकोला म्हणाले, “झालं का? निघायचं?” बँकवाल्यांपैकी एक जण टाकीच्या कडेवर बसला. मागे सतरंज्यांवर बसलेल्या लोकांनी आमच्याकडे बघणंसुद्धा सोडून दिलं होतं. स्नेहल वॉकीटॉकीवर काहीतरी बोलत आमच्या दिशेने निघाली होती. तन्वीरचे हात बटणांवर होते, पण हलत नव्हते. चार वर्षांत त्याला असं मी कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, गेला हा. ह्या क्षणाला, इथे उभ्या-उभ्या हा बंगळुरूला गेला.

मग त्याने हात पुढे करून माझ्या बाजूच्या एका चौकोनी बटणावर टिचकी मारली.

धप्. धप्. धप्. धप्.

माझे ठोके. त्याने स्वतः गप्प केलेले, त्याने स्वतः उघडले. लॅपटॉपच्या पडद्याकडेच बघत म्हणाला, “वाजव. तुझं वाजव सगळं.”

टाकीत एकदम जीव आला, पण वेगळाच गोंधळ झाला. वेग त्याचा, एकशे चाळीस, आणि ठोके माझे, प्रत्येक मात्रेवर. माणसं द्राक्षांत धावायला लागली. रस गुडघ्यापर्यंत उडाला. एक मुलगी घसरली, तिने नव्या नवऱ्याला धरलं, नव्या नवऱ्याच्या नव्या बायकोने दोघांकडे पाहिलं. सासूबाईंनी माझ्याकडे तोंड केलं आणि उजवा तळवा हवेत धरून सावकाश खाली आणला. शाळेच्या मैदानावर ढोलवाल्याला करायच्या तसं. हळू.

मी वेग खाली ओढला. एकशे तीसच्याही खाली. एरवी तन्वीरने माझं बोट मोडलं असतं. त्या दिवशी त्याने हात मागे घेतला.

“डावा,” खालून आवाज आला. त्या बाईंना माइक कधीच लागला नाही. “उजवा. डावा. उजवा. तुम्ही, निळा शर्ट, खाली काय बघता? द्राक्षं पळत नाहीत. समोर बघा. डावा. कमरेवर हात.”

वीस माणसांनी कमरेवर हात ठेवले. का, ते त्यांनाही माहीत नसावं. जाडसर गृहस्थांचं कोपर सासूबाईंनी टाकीबाहेरून धरलं होतं आणि ते गृहस्थ सगळ्यात सुंदर पावलं टाकत होते. सतरंज्यांवरून माणसं उठून चपला काढायला लागली. स्नेहल येता-येता मधेच थांबली आणि तिने वॉकीटॉकी खाली केला.

ठोक्यांनी मला श्वास घ्यायला जागा दिली. डोकं चालायला लागलं. ठोका वाजतो, टिकटिक वाजते, फक्त बेस नाही. काय फरक आहे बेसमध्ये? तो रुंद आहे. तो दोन कानांत वेगवेगळा आहे.

“दत्तूमामा,” मी खुर्चीवरूनच ओरडले, “दोन्ही बाजूंच्या डब्यांना एकच आवाज जातोय का? डावं-उजवं वेगळं नाही?”

“एकच की,” दत्तूमामा तिकडून म्हणाले. “आपलं कायम एकच असतंय, ताई. लग्नात निम्म्या मांडवाला सनई आणि निम्म्याला चौघडा ऐकवायचा का?”

मला हसूच फुटलं. तन्वीरची युक्ती अशी होती, की डाव्या कानात लाट वर जाते तेव्हा उजव्या कानात तीच खाली येते. हेडफोनवर दोन्ही कानांची भेट होत नाही, म्हणून डोक्याभोवती गाभारा तयार होतो. दत्तूमामांनी डावं-उजवं एकत्र केलं होतं. अधिक एक, उणे एक. सहा महिने दोघांनी जिवापाड जपलेला बेस ओझरच्या डब्यांत शिरून शून्य होत होता.

मी तन्वीरला कोपर मारलं. “बेसची उजवी बाजू बंद कर.”

“काय?”

“फक्त उजवी. डावी राहू दे. तिकडे सगळं एकत्र होतंय.”

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग डब्यांकडे, मग परत माझ्याकडे. त्याच्या चेहऱ्यावर समज अशी पसरली, जसं चहात बुडवलेलं बिस्कीट भिजत जातं. “आपण गाढव आहोत,” तो म्हणाला.

“ते नंतर. आधी बंद कर.”

त्याने बंद केली.

आधी जमीन हलली, मग ऐकू आलं. दत्तूमामांच्या डब्यांत एवढी ताकद आहे हे बहुतेक दत्तूमामांनाही माहीत नव्हतं. त्यांनी टेबलावरचा चहाचा ग्लास दोन्ही हातांनी धरला. माझा ठोका वरून चालत होता, एकसारखा, न थकता, आणि त्याच्या खालून तन्वीरचा बेस आला. मोठा, आळसावलेला, अंग वळवत येणारा. माझ्या दोन पावलांत त्याचं एक. टाकीतली माणसं क्षणभर थबकली. मग कोणी न सांगता सगळ्यांचे गुडघे एकदम वाकले. डावा, उजवा, आणि दर दुसऱ्या पावलाला सबंध टाकी खाली बसल्यासारखी वाकायची आणि रसाची एक लाट फळ्यांवर चढून परतायची. सासूबाई बोलायच्या थांबल्या. त्यांनी माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या, आणि मग बूट काढले.

चार वर्षं आम्ही ज्याच्यासाठी भांडत होतो ते हे होतं. त्याचा बेस पुरता, माझा ठोका पुरता, आणि कोणी कोणाला गप्प केलेलं नाही. पुढे होते नव्हते तेवढे सगळे ट्रॅक आम्ही तसेच वाजवले. दर ट्रॅकला तो माझे ठोके उघडायचा, मी वेग ओढायचे, आणि प्रत्येक वेळी त्याच्या तोंडून एक बारीकसा सुस्कारा निघायचा, दात काढल्यासारखा. पोटातली मात्र ढिम्म हलली नाही. ती झोपली होती. आजही बेस लागला की ती झोपते.

स्नेहलने पुढच्या वर्षीही यायचंच, असं सांगितलं. जाडसर गृहस्थांनी सासूबाईंना वाकून नमस्कार केला. मी पायऱ्या उतरत होते आणि एवढ्या सगळ्यात मला एकच दिसत होतं. तन्वीर केबल गुंडाळत होता आणि त्याने बंगळुरूचं नावही काढलं नव्हतं.

टाकीमागे नळ होता. सासूबाई जांभळे पाय धुत होत्या, तन्वीर पाइप धरून उभा होता. मी कोपऱ्याशी पोचले तेव्हा त्या विचारत होत्या, “मग कधी चाललास?”

“कळवायचंय सोमवारी.”

“एवढं छान झालं, तरी?”

“म्हणूनच, बाई. शेवटचं छान झालं, बरं झालं. ती आता सोडणारच ना. मी एकटा काय करू इथे?”

“कोण सोडणार?” मी म्हटलं.

तो दचकला, पाइप सासूबाईंच्या साडीवर गेला. “तू,” तो म्हणाला. “दिवाळीत तू स्पीकर देऊन टाकलेस.”

“देऊन टाकले? माझ्या भावाकडे ठेवलेत. पाळण्याला जागा हवी होती, तन्वीर.”

“मला काय माहीत? मी बंगळुरूचं सांगितलं तर तू अरे वा म्हणालीस.”

“मग काय रडायला हवं होतं?”

“थोडं चाललं असतं.”

सासूबाईंनी नळ बंद केला. “म्हणजे ही सोडणार म्हणून हा चालला, आणि हा चालला म्हणून ही सोडणार. माझ्या लेझीमच्या रांगेत दर वर्षी अशा दोन मुली असायच्या. बाई, ही ढकलते. बाई, हीच ढकलते.” पदर पिळत त्यांनी आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं. “चंद्रात्रे, तू सोडणार आहेस का?”

“नाही.” हे मी मोठ्याने पहिल्यांदाच म्हणत होते. कोणी विचारलंच नव्हतं, आणि मीही स्वतःला नाही. “महिना-दोन महिने हात रिकामे नसतील. पण नाही.”

“इनामदार?”

तन्वीर पाइप गुंडाळायला लागला. “वेग एकशे तीसच्या खाली नेणार असेल तर विचार करावा लागेल,” तो म्हणाला.

“गाडीत बस,” सासूबाई म्हणाल्या.

गाडी तोच चालवत होता. मी पुढे, सासूबाई मागे, ओले पाय सीटवर घेऊन. बागेत मोबाईलला रेंज नव्हती. दिंडोरीच्या अलीकडे चढ संपतो तिथे त्याच्या खिशात फोन वाजायला लागला, एकामागून एक मेसेज. त्याने गाडी कडेला घेतली आणि खाली उतरला.

“सोमवारपर्यंत वेळ आहे ना?” सासूबाईंनी मला विचारलं.

“आहे.”

“बरं.”

काचेतून तो दिसत होता. एका हाताने फोन कानाशी धरून दुसऱ्या हाताने बाभळीची पानं तोडत होता. सॉरी, थँक यू, सॉरी, असं तुटक-तुटक ऐकू येत होतं. एकदा त्याने वळून गाडीकडे पाहिलं, आमच्या दोघींकडे, आणि फोनवर काहीतरी एकच शब्द म्हणाला.

परत येऊन त्याने सीट बेल्ट लावला आणि गाडी सुरू केली. थोडं अंतर गेल्यावर मला राहवेना.

“काय म्हणाल्या त्या कंपनीतल्या मॅडम?”

“वाईट वाटलं म्हणाल्या. कारण विचारत होत्या. त्यांना फॉर्मात भरावं लागतं म्हणे.”

“मग काय सांगितलंस?”

त्याने आरशातून मागे पाहिलं. सासूबाई डोळे मिटून, तोंड उघडं टाकून गाढ झोपल्या होत्या.

“घरगुती,” तो म्हणाला, आणि गियर बदलला.